तबकडीचा फोन आतून पोखरू नका

झाशीच्या ओरछा गेटसारख्या जुन्या वस्तीतल्या एखाद्या घरी माळ्यावर बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा (स्थापना १९४८) काळा फोन असेल आणि भिंतीवर फायबर इंटरनेटचा डबा लागला असेल, तर सल्ला ठरलेला: फोन शोकेसमध्ये ठेवा, नाहीतर आतले यंत्र काढून ब्लूटूथ बसवा. मला दोन्ही सल्ले मान्य नाहीत. तो फोन बहुधा शाबूत असतो आणि त्याचे यंत्र न बदलता तो चालवता येतो.

बोट सोडल्यावर तबकडी मागे फिरते, तेव्हा ती तारेतला प्रवाह सेकंदाला सुमारे दहा वेळा तोडते. ५ला पाच खंड, ०ला दहा. जुने एक्स्चेंज हे खंड मोजून नंबर जोडत असे. आजचे बरेच डबे मात्र बटणांच्या फोनचे सूरच ओळखतात. म्हणून टोन ऐकू येतो, आलेल्या फोनवर बोलता येते, पण नंबर लागत नाही. याचा अर्थ दोष फोनमध्ये नाही, दोघांच्या मधल्या जोडणीत आहे. तेव्हा उपायही तिथेच हवा: खंड मोजून त्यांचे सूर करणारा छोटा पल्स-टू-टोन कन्व्हर्टर मध्ये बसवला, की तो दुभाष्याचे काम करतो. काही डबे आणि अडॅप्टर खंड थेट ओळखतात, म्हणून खर्चाआधी नंबर फिरवून पाहावा. नंबर चुकीचा लागला, तर वंगण सुकून तबकडी मंदावली आहे का तेही तपासावे.

आक्षेप रास्त आहेत. जुनी घंटी वाजायला सुमारे ७५ व्होल्टचा एसी प्रवाह लागतो आणि डब्याची ताकद बेताची असते. त्यामुळे त्यावर दुसरा फोन जोडू नये. तांब्याच्या तारेला एक्स्चेंजच्या बॅटरीतून वीज मिळे, फायबरचा डबा वीज जाताच मुका होतो. त्याला छोटा यूपीएस हवा. तबकडीवर स्टार आणि हॅश नाहीत, ही उणीव खरीच. खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, हा प्रश्नही उरतो. पण स्क्रू काढून, पुसून, पुन्हा वापरता येईल अशी ही वस्तू घडवली गेली होती. ब्लूटूथसाठी तिचे यंत्र फेकले, की ते परत मिळणे अवघड. कन्व्हर्टर मात्र उद्या काढून ठेवता येतो आणि फोन होता तसाच राहतो. वारशाच्या वस्तूवर करायचा बदल मागे घेता येण्याजोगाच असावा.