खिशांतील विजेची बत्ती : तिची पारख कशी करावी?

वस्तूचें मोल तिच्या डौलावरून न ठरवितां कामावरून ठरवावें, हें सर्वांस मान्य आहे. परंतु एक वस्तु अशी आहे कीं, ती दुकानांत भर उजेडांत पारखली जाते आणि तिचें खरें काम मात्र अंधारांत असतें. ती म्हणजे खिशांत मावणारी विजेची बत्ती. आपल्याकडे तिला सर्वजण बॅटरी म्हणतात. शंभर-दोनशें रुपयांत मिळणारी अशी बत्ती नित्याच्या उपयोगास कितपत योग्य असते, ह्याचा येथें विचार करूं.

हा विषय क्षुल्लक नाहीं. नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांत कृषिपंपांस वीज कित्येकदां रात्रीं मिळत आली आहे, आणि पिकास पाणी देण्यासाठीं शेतकऱ्यास अपरात्रीं बांधावरून चालावें लागतें. मण्यार साप रात्रीं बाहेर पडतो. त्याचा दंश पुष्कळदां जाणवतही नाहीं, परंतु तो प्राणघातक ठरूं शकतो. तसेंच ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूरकर विसरले नाहींत. किल्लारीच्या भूकंपाचा धक्का चार वाजण्याच्या सुमारास, अंधारांतच बसला आणि सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. अशा प्रसंगीं भिंतीवरच्या दिव्याचा भरंवसा नसतो. उशाजवळची बत्तीच हातीं येते.

योगायोग असा कीं, त्याच १९९३ सालीं जपानांत शूजी नाकामुरा ह्यांचा तेजस्वी निळा एलईडी दिवा जगापुढें आला. ह्या निळ्या प्रकाशावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप दिला असतां पांढरा उजेड मिळतो. ह्या शोधासाठीं नाकामुरा, आकासाकी व आमानो ह्यांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. जुन्या तारेच्या दिव्यांत बहुतेक शक्ति उष्णतेंत वायां जाई. एलईडीपासून दर वॅटमागें सुमारें १०० ल्यूमेन प्रकाश मिळूं शकतो. म्हणून स्वस्त बत्तीही आज लख्ख दिसते. तिच्या उजेडाविषयीं तक्रार क्वचितच असते. प्रश्न आहे तो तिच्या भरंवशाचा.

प्रथम खोक्यावरील आंकडे पाहावेत. समजा, आंतील सेल ३·७ व्होल्ट व २ अँपिअर-तासांचा आहे. गुणाकार केला असतां त्याची शक्ति ७·४ वॅट-तास भरते. म्हणजे १०० ल्यूमेन प्रकाश सुमारें सात तास मिळेल. खोक्यावर मात्र १००० ल्यूमेन व दहा तास असें छापलें असेल, तर त्यास १०० वॅट-तास लागतील. तो दावा खोटा आहे, हें वहींत दोन ओळी लिहून कोणीही सिद्ध करील.

अंतराचेंही असेंच आहे. प्रमाणित मोजणींत '१०० मीटर' ह्याचा अर्थ इतकाच कीं, तेवढ्या अंतरावर पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका प्रकाश पडतो. चांदण्यांत दोरी कोणती आणि साप कोणता, हें ओळखतां येत नाहीं. परंतु प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत बदलतो. म्हणून १० मीटरांवर तीच बत्ती शंभरपट, म्हणजे २५ लक्स देईल. चालणाऱ्यास एवढें पुरे. दूरचें झाड दाखविणाऱ्या अरुंद झोतापेक्षां पायांपुढील चार पावलें स्वच्छ दाखविणारा पसरट झोत नित्याच्या कामास बरा.

ह्यानंतर घरीं परीक्षा करावी. नवे सेल घालून संध्याकाळीं बत्ती लावावी व दर अर्ध्या तासानें भिंतीवरील प्रकाश पाहावा. हातांत हालवून दिवा लुकलुकतो कां, ओल्या अंगठ्यानें बटण दाबतां येतें कां, खिशांत तें आपोआप दाबलें जातें कां, हें तपासावें. आम्हीं दोन पेन्सिल-सेलांची एक स्वस्त बत्ती अशी पाहिली. प्रकाश उत्तम होता, परंतु हालवतांच तो जाई. तळाची स्प्रिंग सैल होती. घरांतील कपाट धुंडाळण्यास ती ठीक. शेतावर जाणाऱ्याच्या हातीं ती देऊं नये, असें आमचें मत झालें.

बदलतां येणारे सेल असलेली बत्ती खेड्यांत अधिक सोयीची, कारण पेन्सिल-सेल किराणा दुकानांतही मिळतात. आंत कायमचा बसविलेला सेल मात्र वीज गेल्यावर पुन्हां भरतां येत नाहीं. नवे व जुने सेल एकत्र घालूं नयेत. बत्ती बरेच दिवस लागणार नसेल, तर सेल काढून ठेवावेत. नाहीं तर ते पाझरून आंतील पत्रा गंजतो. झोत कोणाच्या डोळ्यांवर धरूं नये, हें लहानांस अवश्य सांगावें.

शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दृष्टान्त आपणांस परिचित आहे. दिवे दहाहीजणींजवळ होते. उणीव तेलाची होती आणि ती मध्यरात्रीं कळली. आपल्या बत्तीची उणीव मध्यरात्रींपूर्वींच कळावी, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या संध्याकाळीं ती एकदां लावून पाहावी. हें काम पालकांनीं मुलांकडे सोंपवावें, अशी आमची विनंति आहे.