राऊटर आणि डावे मधले बोट

वैद्यकीय व्यवसायातील माणसाने फावल्या वेळात काय करावे, याविषयी आपल्या मंडळात कितीही मतभेद असले, तरी त्याने सुतारकाम करू नये याबाबत बहुधा सर्वांचे एकमत असावे. हा संकेत मी बरीच वर्षे मोडीत आलो आहे. बेळगावात टिळकवाडीतील आमच्या घराच्या मागील पडवीत रंधा, पटाशी, करवत आणि एक प्लंज राऊटर एवढा माझा दुसरा संसार मांडलेला आहे. त्यांतील शेवटच्या यंत्राविषयी लिहावे, असे स्मरणिकेच्या संपादकांनी सुचविले, तेव्हा लेखणी थोडी अडखळली. लिहायचे तर २०२१ सालचा अपघातही सांगणे आले.

राऊटर म्हणजे विजेची उभी मोटर आणि तिच्या टोकाला कॉलेट नावाच्या पकडीत बसविलेले धारदार बिट. प्लंज जातीच्या राऊटरमध्ये ही मोटर दोन खांबांवर स्प्रिंगच्या आधाराने वरखाली सरकते. त्यामुळे फिरते बिट फळीच्या मध्यभागी वरून उतरविता येते आणि खटका सोडताच ते पुन्हा वर निघून येते. खाच पाडणे, बिजागरीचे घर कोरणे, कडा गोल करणे ही कामे ते सुरेख करते. बिटाची गती मिनिटाला साधारण दहा ते तीस हजार फेरे. आमचे एक दंतवैद्य मित्र यावर हसले, कारण त्यांचे एअररोटर तीन-चार लाख फेरे घेते! पण ते बोटांत मावते. हे तीन-चार किलोचे धूड दोन्ही हातांनी सावरावे लागते. शिवाय फेऱ्यांच्या आकड्यापेक्षा धारेचा वेग महत्त्वाचा. २५,००० फेऱ्यांना १२ मिलिमीटर व्यासाच्या बिटाची धार ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगाने धावते. त्याच फेऱ्यांना ५० मिलिमीटरच्या बिटाची धार ताशी २३५ किलोमीटरवर जाते. म्हणून बिट जितके मोठे, तितकी गती कमी ठेवायची. बालरोगतज्ज्ञाला हे पटायला वेळ लागू नये. मात्रा वजनावर ठरते, हे आपण रोजच लिहितो.

मला हवा होता बाळांची लांबी मोजण्याचा फलक. दोन वर्षांखालील मूल निजवून मोजायचे असते. डोक्याकडील पाटी स्थिर आणि पायांकडील सरकती. सरकती पाटी खाचेत डुगडुगली की माप पाच-सहा मिलिमीटरनी फसते आणि वाढीच्या आलेखावर धडधाकट मूलही खुरटलेले दिसू लागते. बाजारातील फलकांनी मला समाधान दिले नव्हते. म्हणून अठरा मिलिमीटर जाडीची सागवानी फळी आणली आणि तिच्यात नऊ मिलिमीटर खोल अशा दोन समांतर खाचा पाडल्या. एकदम नऊ नव्हे. तीन-तीन मिलिमीटरच्या तीन फेऱ्यांत. घाई केली तर मोटर कण्हते, लाकूड करपते आणि बिट तुटते. खाचा अगदी मनासारख्या साधल्या, आणि तेथेच माझी सावधता ढिली पडली.

आता फक्त कडा गोल करणे उरले होते. दवाखान्याची वेळ होत आली होती. फळी क्लॅम्पने बांधण्याचा कंटाळा केला. डाव्या हाताने तिचे डावे टोक दाबून धरले आणि उजव्या हाताने राऊटर समोरच्या कडेवरून उजवीकडून डावीकडे नेऊ लागलो. दोन-तीन इंच काम फारच सुलभ झाले. यंत्र जणू स्वतःच पुढे जात होते. पुढच्याच क्षणी ते उसळले आणि कडेवरून धावत थेट डाव्या हातावर आले. मधल्या बोटाचे टोक नखासकट फाटले.

शल्यचिकित्सक मित्राने पाच टाके घातले आणि एक शब्दही न बोलता मला घरी पाठविले. हे मौन मला टाक्यांपेक्षा अधिक झोंबले. छाती ठोकून पाहताना ज्या बोटावर आपण ठोका देतो, नेमके तेच हे बोट. सहा आठवडे ते निकामी होते. त्या काळात एका बाळाच्या छातीत पाणी झाल्याचा संशय आला, तेव्हा ठोकून पाहण्यासाठी मला कनिष्ठ सहकाऱ्याला बोलवावे लागले. बाळाची आई माझ्या पट्टीकडे पाहत होती.

पुढे आमच्याकडे काम करणाऱ्या मिस्त्रींनी फळी पाहिली व म्हणाले, "डाक्टर, मशीन आपण ढकलायचं असतंय. ते आपल्याला वडायला लागलं, की समजायचं दिशा चुकली."

सारे शास्त्र या दोन वाक्यांत आहे. वरून पाहता बिट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. आपल्यासमोरील कडेवर यंत्र डावीकडून उजवीकडे नेले, तर धार समोरून येते, लाकूड विरोध करते आणि यंत्र आपल्या ताब्यात राहते. उलट नेले, तर धार चाकासारखी कडेवरून पळू लागते. म्हणून फळीच्या बाहेरील कडा घड्याळाच्या उलट दिशेने फिरत कापायच्या आणि आतील कोरीव भागाच्या कडा घड्याळाच्या दिशेने. मधोमध सरळ खाच पाडताना, यंत्र आपल्यापासून दूर ढकलताना ते डावीकडे झुकते. तेव्हा आधाराची पट्टी डाव्या बाजूसच बांधावी, म्हणजे ते पट्टीला चिकटून चालते.

बाकीच्या गोष्टी सवयीच्या आहेत. बिट बदलताना केवळ बटण बंद करून भागत नाही. प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवावा. बाजारात ६ मिलिमीटरची आणि पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची, अशी दोन्ही बिटे मिळतात. एकाच्या कॉलेटमध्ये दुसरे बसवू नये. दांडा तळापर्यंत घालून दोन मिलिमीटर वर ओढावा आणि मग पान्याने आवळावा. वरून उतरवायचे बिट तळाशीही कापणारे हवे, अन्यथा ते नुसते घासून जाळते. काम संपताच आधी बिट वर घ्यावे, मग बटण बंद करावे, आणि ते पूर्ण थांबल्याखेरीज यंत्र खाली ठेवू नये. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण आणि नाकाला चांगला मास्क हवाच. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगकारक ठरविली आहे. हातमोजे मात्र मुळीच नकोत. आयुष्यभर हातमोज्यांचा आग्रह धरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे विपरीत वाटेल, परंतु फिरते बिट मोज्यासह हात आत ओढते. आणि पडवीचे दार आतून बंद असावे. आमची नात तीन वर्षांची असताना माझ्या आवाजाच्या दिशेने धावत येई; यंत्र चालू असताना मागून आलेले मूल ऐकू येत नाही.

दुसरा फलक मी पुढच्या वर्षी केला. फळी दोन क्लॅम्पनी बांधून, दवाखाना नसलेल्या रविवारी. गेली काही वर्षे तो माझ्या तपासणीच्या खोलीत आहे. सरकती पाटी अजून डुगडुगत नाही. पहिला फलक पडवीत खिळ्याला टांगला आहे. त्याची डावी कड चार इंच उखडलेली आहे आणि तेथील डाग रंध्याने काढावा, असे मिस्त्रींनी दोनदा सुचवूनही मी तो काढलेला नाही.