काचेपर्यंतची उंची

ट्रक व बसची पुढील काच जमिनीवर उभ्या कारागिराच्या हाताला पुरत नाही. मग तो बंपरवर चढतो, किंवा टायरवर पाय रोवून काम करतो. तड्यात राळ भरताना दोन्ही हात गुंतलेले असतात. आधाराला हात उरत नाही. साधी शिडी टेकवावी, तर ती टेकणार काचेवरच! चाकांना अटकाव आणि बाजूंना कठडा असलेला रुंद मंच हाच खरा उपाय होय. काच बदलायची असल्यास दोन माणसे लागतात, कारण दोन थरांची ही काच जड असते.

मंचाचा खर्च मालकाच्या वहीत दिसतो. पडलेल्या कारागिराची बुडालेली मजुरी मात्र त्याच्या घरच्यांनाच सोसावी लागते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने उंचीवरील कामासाठी कठडा वा तत्सम तजवीज सांगितली होती, पण यंत्रशक्ती असल्यास किमान १० आणि नसल्यास २० कामगारांच्या ठिकाणी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आस्थापनेसाठी सर्वसाधारणपणे १० कामगारांची अट आहे. महामार्गालगतची दोन-तीन माणसांची दुकाने त्यामुळे बाहेरच राहतात. अशा दुकानदाराला मंचासाठी मुद्रा योजनेतील ५० हजार रुपयांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज घेता येते.