न भरणारा व्रण : क्षारकर्मापूर्वीचा विचार

त्वचेवरील गाठ, चामखीळ, तीळ अथवा चिघळलेला व्रण घेऊन येणारा रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्वचेचा कर्करोग आपल्या देशात तुलनेने अल्प आढळतो. म्हणूनच त्याची शंका उशिरा येते.

काही वर्षांपूर्वी एक शेतकरी गुडघ्यामागील व्रण घेऊन आमच्याकडे आला. बालपणी भाजल्याच्या व्रणवस्तूवर तो उत्पन्न झाला होता. दुष्टव्रण समजून आम्ही त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन व जात्यादि तेलाचा पिचू ही चिकित्सा चार महिने केली. कडा कठीण व उलटलेल्या होत्या, स्पर्शाने रक्तस्राव होई. तरी आम्ही थांबलो नाही. पुढे बायॉप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचे निदान झाले, तेव्हा जांघेतील ग्रंथी वाढलेल्या होत्या. पाय गमवावा लागला. जुन्या व्रणवस्तूतील अशा कर्करोगास ‘मार्जोलिन अल्सर’ म्हणतात. ते चार महिने आमच्या हातचे होते.

पुढील लक्षणे आढळल्यास शंका घ्यावी :

१) योग्य चिकित्सेनंतरही चार आठवड्यांत न भरणारा व्रण, विशेषतः जुन्या व्रणवस्तूवरील किंवा खालच्या ओठावरील.
२) नाक व डोळ्यांच्या परिसरातील मोत्यासारखी चकाकणारी अथवा काळसर गाठ, जिच्या मध्यभागी व्रण होतो.
३) आकार, कडा वा रंग बदलणारा तीळ.
४) तळपाय, तळहात किंवा नखाखालील वाढता काळा डाग. तळपायावरील डाग कुरूप समजून कापला जातो, हे विशेष घातक आहे.

अर्बुदाचा दोष शेष राहिल्यास ते शीघ्र पुन्हा उत्पन्न होते, असे सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात स्पष्ट केले आहे. क्षाराने वरचा भाग जळतो, खपली धरते आणि रुग्ण समाधानाने घरी जातो. खोलवरचा भाग मात्र वाढतच राहतो. शिवाय तपासणीस योग्य ऊतक नष्ट होते. म्हणून निदान निश्चित होईपर्यंत संशयित वाढीवर क्षार, अग्निकर्म वा दाहक लेप योजू नये.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही रुग्णाची भीती निराधार आहे, हे शांतपणे समजावून सांगावे. बायॉप्सी स्थानिक भूल देऊन होते. व्रणाचा नमुना मृत मध्यभागातून न घेता कडेचा घ्यावा लागतो. तिळाची शंका असल्यास शक्यतो तो संपूर्ण काढून तपासणीस पाठवतात. हे काम शल्यचिकित्सक किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे सोपवून पत्रात व्रणाचा काळ, स्थान, आकार व केलेली चिकित्सा लिहावी. वेळीच केलेल्या शस्त्रक्रियेने यांतील बहुसंख्य रुग्ण बरे होतात. त्या काळात अग्नी व बल यांचे रक्षण आपण करावे, तेही शल्यचिकित्सकास कळवून.

औषधविक्रेते बंधूंना विनंती की, चामखिळीसाठी क्षार वा व्रणासाठी मलम पुन्हापुन्हा मागणाऱ्या ग्राहकास ‘किती दिवस झाले?’ एवढे अवश्य विचारावे. महिना उलटला असल्यास डबीऐवजी वैद्याकडे जाण्याचा सल्ला द्यावा.