लिबर्टालियाचा कप्तान मिसों

कप्तान चार्ल्स जॉन्सन या नावाने लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाच्यांच्या चरित्रग्रंथाच्या १७२८ सालच्या दुसऱ्या खंडात अवतरणारा फ्रेंच कप्तान मिसों हा सर्वस्वी कल्पित पुरुष होय. परंतु लुटीच्या लोभाने नव्हे, तर राजसत्ता व धर्मसत्ता यांच्या जुलमाविरुद्ध बंड म्हणून चाचेगिरी पत्करणारा असा दर्यावर्दी वाङ्मयात विरळाच. पकडलेल्या डच जहाजावरील गुलामांच्या बेड्या काढवून, तेथल्याच खलाशांच्या पेट्यांतील कपडे तो त्यांना देववितो आणि आपल्या माणसांच्या पंगतीत बसवितो, हा प्रसंग मला साऱ्या कथेत थोर वाटतो. पुढे मादागास्करच्या किनाऱ्यावर तो लिबर्टालिया वसवितो : खजिना सामाईक, जमिनीला कुंपण नाही. तथापि तंटे उद्भवताच दहा-दहा जणांमागे एक प्रतिनिधी निवडला जातो, कायदे छापले जातात, धन व गुरे यांची समान वाटणी होते आणि ज्याने जी जमीन कुंपणात घेतली ती त्याची ठरते. स्थानिक लोकांच्या रात्रीच्या हल्ल्यात ही वसाहत नष्ट होते. तिचा आरमारप्रमुख टॉमस ट्यू मात्र खरा; १६९५ साली सुरतेस परतणाऱ्या मोगल काफिल्यातील ‘फतेह मुहम्मद’ जहाजावर चाल करताना तो मारला गेला.