सोनेरी टोकं आणि स्टार्टरचे काळे पॉइंट

ऐन पाण्याच्या पाळीला विहिरीवरची मोटर बंद पडते. मेकॅनिक येतो, मेन स्विच पाडतो, स्टार्टर उघडतो आणि काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासून लख्ख करतो. मोटर सुरू होते आणि काळा पॉइंट म्हणजे खराब पॉइंट, हा समज आणखी पक्का होतो. शहरातल्या दुकानात टीव्हीची केबल घेताना सोनेरी टोकाची केबल 'चित्र भारी येतं' म्हणून दुप्पट भावाने गळ्यात मारली जाते. दोन्हीकडे धातूच्या रंगावरून विजेचा अंदाज बांधला जातो, आणि दोन्हीकडे तो चुकतो.

सोनं हे विजेचं सर्वांत चांगलं वाहक नाही. पहिला क्रमांक चांदीचा, दुसरा तांब्याचा, सोनं तिसरं. तांब्याच्या तुलनेत त्याची वाहकता ७० ते ७५ टक्क्यांच्या घरात आहे. सोन्याचं मोल दुसऱ्याच गुणात आहे. हवेतल्या ऑक्सिजनशी किंवा गंधकाशी त्याचा संयोग होत नाही, त्यामुळे त्यावर पापुद्रा धरत नाही. सेन्सरकडून येणारे काही मिलिव्होल्टचे संकेत असा पापुद्रा फोडू शकत नाहीत, म्हणून तिथे सोनं लागतं. एचडीएमआय केबलमधून जाणारा संकेत अंकीय असतो. तो नीट पोचला तर चित्र पूर्ण येतं, नाही पोचला तर चित्र फुटतं किंवा जातं. सोन्यामुळे रंग खुलत नाहीत. टोक गंजत नाही, एवढाच त्याचा फायदा.

हा मुलामा किती जाड असतो? चांगल्या कनेक्टरवर साधारण ०.७६ मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे केसाचा नव्वदावा हिस्सा. शुद्ध सोनं मऊ, वारंवार लावण्या-काढण्यात झिजणारं, म्हणून त्यात किंचित कोबाल्ट किंवा निकेल मिसळून ते कठीण करतात. त्याच्याखाली निकेलचा थर हवाच. तांब्यावर थेट सोनं चढवलं तर तांब्याचे अणू हळूहळू सोन्यातून झिरपत वर येतात आणि तिथे ऑक्साइड धरतात. स्वस्त केबलवर सोन्याची नुसती झाक असते, ०.१ मायक्रॉनहूनही कमी. ती थोड्याच वापरात उडते.

'एका बाजूला सोनं असेल तर निदान निम्मा फायदा' हा समज त्याहून नुकसानीचा. कथिलाच्या सॉकेटमध्ये सोन्याची पिन बसवली की तापमानाच्या चढउताराने आणि कंपनाने दोन्ही भाग मायक्रॉनभर सरकत राहतात. कथिल सोन्यावर चिकटतं, तिथे त्याचं ऑक्साइड होतं आणि ती पूड साचत जाते. म्हणून सोन्याला सोनं, कथिलाला कथिल, हा कनेक्टरच्या धंद्यातला जुना नियम आहे. पुरेसा दाब असेल तर कथिलाची जोडी उत्तम चालते, कारण त्याचं ऑक्साइड कठीण पण ठिसूळ असतं आणि दाबाखाली फुटतं.

दाबाचं महत्त्व कळायला स्वीडिश शास्त्रज्ञ राग्नार होल्म यांचं काम पाहावं. विजेच्या संपर्कावरचा त्यांचा ग्रंथ १९४६ साली आला. कितीही गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. तांब्याचे दोन तुकडे एक किलो वजनाच्या दाबाने टेकवले, तर खरा स्पर्श चौरस मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागातच होतो. सगळी वीज तेवढ्यातून जाते. स्पर्शाची ही जागा चकाकीने वाढत नाही, दाबाने वाढते.

आता ते काळे पॉइंट. घासण्याची सवय उघड्या तांब्याच्या पॉइंटच्या काळातली आहे. तांब्याचं ऑक्साइड वीज अडवतं, तेव्हा तिथे घासणं योग्यच होतं. आजच्या स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरमध्ये तांब्याच्या पट्टीवर चांदीच्या मिश्रधातूची टिकली बसवलेली असते. ठिणगीने ती काळी, खडबडीत होते आणि तरीही काम चोख करते, कारण ठिणगीच्या उष्णतेत चांदीचं ऑक्साइड टिकत नाही, त्याची पुन्हा चांदी होते. घासल्यावर मोटर सुरू होते ती बहुधा धूळ आणि मुंग्या निघाल्यामुळे. पण त्याबरोबर चांदीही निघते आणि पेपरची खर टिकलीत रुतते. तीन पॉइंट कमीजास्त घासले गेले तर ते सारख्या दाबाने टेकत नाहीत. एक फेज सुटतो, मोटर दोन फेजवर गुरगुरते आणि वाइंडिंग जळतं. पाच मिनिटांच्या घासकामाची किंमत शेतकऱ्याला रिवाइंडिंगच्या बिलात मोजावी लागते.

ग्रीसबद्दलही असाच घोळ आहे. ग्रीस वीज वाहून नेत नाही, हे खरं. पण आवळलेल्या जोडात ते उंचवट्यांवरून बाजूला सरकतं, धातूला धातू भिडतो आणि भोवती ग्रीस राहिल्याने हवा-पाणी आत शिरत नाही. बॅटरीच्या टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावतात ती याचसाठी. ॲल्युमिनियमवर तर खरवडल्या क्षणी नवं ऑक्साइड धरतं, म्हणून आधी जॉइंटिंग कंपाउंड लावून त्याखालीच ब्रश मारतात. मात्र ठिणगी पडणाऱ्या पॉइंटला ग्रीस कधीही लावू नये, ते जळून कोळसा होतं.

तेव्हा स्टार्टर उघडला की आधी मेन स्विच खात्रीने बंद करावा, धूळ कोरड्या ब्रशने झाडावी आणि टिकली पाहावी. ती नुसती काळी असेल तर हात लावू नये. झिजून खालचं तांबं दिसत असेल किंवा पॉइंट चिकटले असतील, तर तिन्ही फेजचा पूर्ण संच एकदमच बदलावा.