दाढ, भूल आणि गोळी : औषधशास्त्राची तोंडओळख

रुग्णसेवेच्या तक्त्यांसोबत एखादा माहितीपर लेखही अहवालात असावा, असे आमच्या हितचिंतकांचे म्हणणे असते. त्यानुसार यंदा दंतविभागाकडे वळत आहोत. दंतवैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमात औषधशास्त्र दुसऱ्या वर्षाला शिकवले जाते. विद्यार्थी ते पाठ करतात, उत्तीर्णही होतात. मात्र पुढे प्रत्यक्ष रुग्ण खुर्चीत बसला की पाठ केलेल्यातले नेमके काय उपयोगी पडायचे, ते त्यांना चटकन सुचत नाही. आमच्याकडे अनुभवासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही जे सांगतो, त्यातील काही भाग येथे देत आहोत. रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही तो वाचावा, अशी इच्छा आहे.

लांजा, राजापूर, संगमेश्वर या बाजूंनी पहाटेची एस.टी. पकडून येणारा रुग्ण पुष्कळदा चार-पाच रात्री ठणका सोसून, लवंगेचे तेल लावून आणि दुकानातील गोळ्या घेऊन झाल्यावरच येतो. तोवर गाल सुजलेला असतो. विद्यार्थी नियमानुसार दाढेजवळ भुलीची सुई देतो, पाच-दहा मिनिटे थांबतो आणि चिमटा लावताच रुग्ण ओरडतो. पुन्हा सुई, पुन्हा तेच. ‘औषध जुने असेल’ हे विद्यार्थ्याचे पहिले अनुमान असते. औषध बहुधा उत्तम असते.

दंतोपचारात सर्वाधिक वापरले जाणारे भुलीचे औषध म्हणजे लिग्नोकेन. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ नील्स लोफग्रेन यांनी ते १९४३ मध्ये तयार केले. हे औषध शरीरात दोन रूपांत वावरते, एक विद्युत्भार असलेले आणि दुसरे भाररहित. मज्जातंतूचे आवरण स्निग्ध असल्याने त्यातून फक्त भाररहित कणच आत शिरू शकतात. निरोगी ऊतीचा पीएच ७.४ च्या आसपास असतो. तेथे शंभर कणांपैकी सुमारे चोवीस कण भाररहित राहतात आणि तेवढ्यावर भूल चढते. पू झालेल्या जागी आम्लता वाढते. पीएच ६.४ वर आला, तर भाररहित कण शंभरात जेमतेम तीन उरतात. शिवाय दाह असलेल्या भागात रक्तप्रवाह वाढलेला असल्याने औषध लवकर वाहून जाते. त्याच जागी आणखी औषध टोचण्यात अर्थ नसतो. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागील बाजूस, मज्जातंतू हाडात शिरतो तेथे, म्हणजे सुजेपासून दूर भूल द्यावी. पू साचलेला असेल तर आधी त्याला वाट करून द्यावी. हे गणित एकदा समजले की विद्यार्थी दुसऱ्या सुईची घाई करत नाही.

घाई न करण्याचे दुसरे कारण त्या औषधाच्या बाटलीवरच छापलेले असते. भूल जास्त वेळ टिकावी आणि रक्तस्राव कमी व्हावा म्हणून लिग्नोकेनमध्ये ॲड्रिनॅलिन मिसळतात. आपल्याकडे त्याचे प्रमाण बहुधा १ : ८०,००० असते. विद्यार्थी हा आकडा घडाघडा म्हणतात. त्याचा अर्थ विचारला की गप्प होतात! अर्थ एवढाच की, एक मिलिलिटर द्रावणात साडेबारा मायक्रोग्रॅम ॲड्रिनॅलिन असते. गंभीर हृदयविकाराच्या रुग्णास एका बैठकीत ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक देऊ नये, असा संकेत आहे. म्हणजे त्याची मर्यादा तीन मिलिलिटरच्या किंचित पुढे संपते. आता पंधरा किलो वजनाचे मूल घ्या. दोन टक्के द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लिग्नोकेन असते. किलोमागे ४.४ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली, तर मुलाचीही सीमा ३.३ मिलिलिटर ठरते. आकडे जवळजवळ सारखे असले तरी कारणे भिन्न आहेत. रुग्णाच्या बाबतीत ॲड्रिनॅलिन मोजायचे असते, मुलाच्या बाबतीत लिग्नोकेन. म्हणून सुई हाती घेण्यापूर्वी मुलाचे वजन करावे. अंदाजाने लिहिलेले वजन आम्ही स्वीकारत नाही.

प्रतिजैविकांविषयी मात्र आम्हांस थोडे कठोर बोलावे लागते. ‘दाढ दुखते, कॅप्सूल द्या’ असे म्हणून औषधांच्या दुकानातून दोन दिवसांच्या कॅप्सूल नेणारे आपल्या परिचयाचे असतात. किडलेल्या दाताच्या आतील गर मेला की तेथील रक्तपुरवठा थांबतो. प्रतिजैविक रक्तावाटे जाणार. जेथे रक्तच पोहोचत नाही तेथे ते कसे पोहोचणार? मूळ साफ करणे, दाढ काढणे किंवा पू काढून टाकणे, हाच तेथील उपचार. कॅप्सूल घेतल्यावर ठणका थांबला, असे रुग्ण सांगतात आणि ते खोटे नसते. पण कित्येकदा गर पूर्णपणे मेल्यामुळेच वेदना थांबलेली असते. श्रेय कॅप्सूलला मिळते आणि जंतुसंसर्ग मुळाशी शांतपणे वाढत राहतो. ताप, तोंड न उघडणे, पसरणारी सूज अशी लक्षणे असतील तर उपचारासोबत प्रतिजैविक अवश्य द्यावे. हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी सूज, वर उचललेली जीभ, गिळताना वा श्वास घेताना त्रास दिसला, तर दाढेचा विचार बाजूस ठेवून रुग्णास त्वरित मोठ्या रुग्णालयात न्यावे; तेथे श्वासमार्ग बंद होण्याची भीती असते.

वेदनाशामकांच्या बाबतीत कोकणच्या पावसाळ्याचे भान ठेवावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये दाढदुखीचा रुग्ण आला तर ‘अंगात ताप होता का?’ हे आधी विचारावे. डेंग्यूची शंका असल्यास ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल पुरेसे आहे. तेही मोजून, कारण दाढेच्या संयुक्त गोळीत पॅरासिटामॉल असते आणि तापाच्या गोळीतही तेच असते. कोकणात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी शेतकऱ्यांना डॉक्सिसायक्लिन दिले जाते. घरात उरलेली ती गोळी लहान मुलांना वा गर्भवतीला परस्पर देऊ नये. या गटातील औषधे घडत असलेल्या दातांत बसून त्यांना कायमचा पिवळा-करडा रंग आणू शकतात, हे दंतवैद्याने तरी विसरू नये.

रुग्ण आधीपासून जी औषधे घेत असतो, ती तो बहुधा सांगत नाही. मध्यंतरी एक मावशी हिरड्या सुजल्या म्हणून आल्या. दोनदा हिरड्या साफ करूनही सूज परतली. तिसऱ्या खेपेस, ‘काही औषध चालू आहे का?’ हा तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, “औषध नाय हो, ती प्रेशरची गोळी रोजचीच!” ती अ‍ॅम्लोडिपिन होती, आणि तिने काही जणांच्या हिरड्या वाढतात. फिटसाठी दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनचेही तसेच. त्यांच्या फिजिशियनना चिठ्ठी पाठवून गोळी बदलून घेतली. दोनदा विचारायचे आमचेच राहिले होते.

याउलट, हृदयरुग्ण दाढ काढायची म्हणून ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करून येतात. ॲस्पिरिनचा परिणाम रक्तबिंबिकांच्या आयुष्यभर, म्हणजे आठ-दहा दिवस टिकतो. आदल्या दिवशी गोळी सोडून रक्तस्राव कमी होत नाही आणि पुढे तशीच बंद ठेवली तर गुठळीचा धोका मात्र वाढतो. दाढेच्या जागी कापसाचा बोळा घट्ट दाबून धरणे व लागल्यास टाका, एवढे बहुधा पुरते. वॉरफेरिन घेणाऱ्यांचे रक्त मात्र आधी तपासावे, आणि त्यांना मेट्रोनिडॅझोल देताना दहादा विचार करावा. त्याने वॉरफेरिनचा परिणाम वाढतो.

आमच्या दंतविभागाच्या केसपेपरवर ‘चालू औषधे’ हा रकाना आता ‘तक्रार’ या रकान्याच्याही वर घेतला आहे. त्यापुढे ‘नाही’ असे लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने प्रेशर, साखर, हृदय, फिट आणि सांधे अशी पाच नावे घेऊन विचारायचे असते. येताना गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणल्यास आमचे निम्मे काम होते. पट्टी कापलेली असली तरी चालेल, नाव दिसले पाहिजे.